गवतमाश्या आणि त्यांचे वर्गीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गवतमाश्या म्हणजे नेमक्या कोणत्या माश्या?

पावसाळा सरत आला की बांधावरच्या गुडघाभर गवतातून कापडी जाळे पाच-सहा वेळा फिरवावे आणि त्याचा तळ हलकेच उघडून पाहावा. नाकतोडे, तुडतुडे आणि लहान कोळी यांच्या गर्दीत तिळाएवढ्या किंवा त्याहूनही लहान अशा काही पिवळ्या, तर काही चकचकीत काळ्या माश्या जाळ्याच्या आतल्या बाजूने उजेडाकडे चढताना दिसतात. त्यांतील बऱ्याच माश्या क्लोरोपिडी या कुलातील असतात. या कुलातील अनेक जातींच्या अळ्या गवतवर्गीय वनस्पतींच्या खोडात वाढतात आणि प्रौढ माश्याही गवताळ जागीच मोठ्या संख्येने सापडतात, म्हणून त्यांना येथे गवतमाश्या म्हटले आहे. जगभरात या कुलातील सुमारे ३,००० जातींचे वर्णन झाले असून त्या जवळपास २०० वंशांत विभागलेल्या आहेत. बहुतेक जातींची लांबी १ ते ५ मिलिमीटर असते.

गवतमाशी हे नाव सोयीपुरतेच आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. या कुलातील कित्येक जातींचा गवताशी काहीही संबंध नाही आणि गवताच्या खोडात वाढणारी प्रत्येक माशी या कुलातील नाही. पुढील बहुतेक प्रश्न या दोन गोष्टींच्या गल्लतीतूनच निर्माण होतात.

क्लोरोपिडी हे नाव कोठून आले?

हे नाव या कुलाचा आदर्श मानलेल्या क्लोरॉप्स या वंशावरून आले आहे. जर्मन कीटकशास्त्रज्ञ योहान विल्हेल्म मायगेन यांनी १८०३ मध्ये या वंशाला नाव दिले. ग्रीक भाषेत ‘क्लोरोस’ म्हणजे हिरवट किंवा पिवळट आणि ‘ऑप्स’ म्हणजे डोळा किंवा चेहरा. जिवंत माशी पाहिलेल्या माणसाला हे नाव लगेच पटते, कारण यांतील अनेक पिवळ्या माश्यांचे डोळे हिरवी झळाळी असलेले असतात. वाळलेल्या नमुन्यात मात्र ती झळाळी टिकत नाही आणि संग्रहातील माशीचे डोळे मळकट तपकिरी दिसतात. जुन्या ग्रंथांत याच कुलाचा उल्लेख ऑसिनिडी असाही आढळतो.

कीटकांच्या एकूण वर्गीकरणात या कुलाचे स्थान कोठे आहे?

माश्या आणि डास यांचा मिळून द्विपंखी कीटकांचा गण होतो. या कीटकांना उडण्यासाठी पंखांची एकच जोडी असते आणि मागच्या जोडीच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखे दोन लहान अवयव असतात. उडताना तोल सांभाळणे हे त्यांचे काम असल्यामुळे त्यांना संतोलक म्हणतात. डासासारख्या लांब शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, असलेले गट एकीकडे ठेवले, तर उरलेल्या आखूड शृंगिकांच्या माश्यांमध्ये घरमाशीसारख्या उच्च माश्यांचा एक फार मोठा समूह आहे. त्याचे ढोबळमानाने दोन भाग करतात. घरमाशी, मांसमाशी आणि निळी माशी यांच्या पंखाच्या बुडाशी संतोलकाला झाकणारी पाळी चांगली वाढलेली असते, तर फळांवर घोंघावणारी केमरी, पाने पोखरणाऱ्या नागमाश्या आणि गवतमाश्या यांच्यात ती पाळी अगदी लहान असते. या दुसऱ्या भागात कार्नॉइडिया नावाचे अधिकुल, म्हणजे अनेक कुलांचा गट, आहे आणि क्लोरोपिडी हे त्यातील सर्वांत मोठे कुल आहे.

शब्दांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. हिंदीत ‘प्रजाति’ हा शब्द ज्या पातळीसाठी वापरतात, तिला मराठीत ‘जाती’ म्हणतात, आणि मराठी पुस्तकांत ‘प्रजाती’ हा शब्द कधी त्याच्या वरच्या पातळीसाठी, तर कधी जातीसाठीच वापरलेला दिसतो. हा घोळ टाळण्यासाठी येथे सर्वत्र जाती, तिच्या वर वंश, त्याच्या वर उपकुल आणि त्याच्या वर कुल असाच क्रम ठेवला आहे.

एखादी माशी या कुलातील आहे हे कसे ओळखावे?

दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग हाताशी असेल, तर सुरुवात डोक्यापासून करावी. माशीच्या दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्ये, डोक्याच्या माथ्यावर तीन बारीक साधे डोळे असतात. बहुतेक माश्यांमध्ये त्यांच्याभोवती लहानसा उंचवटा असतो, पण गवतमाशीत तो पसरून एक मोठा त्रिकोण बनतो. त्याचे टोक शृंगिकांच्या दिशेने असते आणि काही जातींत ते कपाळाच्या पुढच्या कडेपर्यंत पोहोचते. हा त्रिकोण पुष्कळदा पॉलिश केल्यासारखा चमकतो. पिवळ्या कपाळावर काळा तुळतुळीत त्रिकोण दिसला, की हे कुल असण्याची शक्यता बरीच वाढते. डोक्यावर आणि वक्षावर राठ केस कमी आणि आखूड असतात, त्यामुळे ही माशी घरमाशीसारखी काटेरी न दिसता गुळगुळीत दिसते.

त्यानंतर पंख पाहावा. पंखाच्या पुढच्या कडेने जाणाऱ्या जाड शिरेला कॉस्टा म्हणतात. गवतमाशीत ही शीर एकाच ठिकाणी खंडित झालेली असते. केमऱ्यांमध्ये, म्हणजे ड्रॉसोफिला वंशातील फळांवरच्या माश्यांमध्ये, ती दोन ठिकाणी खंडित असते. एवढ्या एका खुणेवरून पुष्कळ गोंधळ मिटतो. पंखाच्या बुडाजवळ मागच्या बाजूला अनेक माश्यांत शिरांनी बंद झालेला एक छोटा कप्पा असतो, तो येथे नसतो. पंखाच्या मधल्या भागातील एका लांब शिरेला साधारण मध्यावर हलकासा बाक असतो. तो पंख तिरपा धरून उजेडात पाहिला तरच नजरेत भरतो, पण एकदा डोळ्याला सवय झाली की सहज सापडतो. शेवटची खूण वक्षाच्या बाजूवर, पुढच्या पायाच्या थोडी वर असते. तेथे एक धारदार उभी कड असते आणि तिच्यामुळे वक्षाचा पुढचा भाग बाजूच्या भागापासून स्पष्ट वेगळा दिसतो.

रंगावर एकट्याने विसंबू नये. पिवळ्या अंगावर तीन किंवा पाच काळे उभे पट्टे ही या कुलातील अगदी नेहमीची ठेवण असली, तरी तशीच ठेवण इतर काही कुलांतही आढळते, आणि या कुलातील शेकडो जाती संपूर्ण काळ्या आहेत.

या कुलाची उपकुले कोणती आणि ती कशाच्या आधारे पाडली आहेत?

पूर्वीपासून चालत आलेले दोन मोठे भाग म्हणजे क्लोरोपिनी आणि ऑसिनेलिनी. या दोहोंत फरक करण्याची सर्वांत हाताशी असलेली खूण पुन्हा पंखाच्या पुढच्या कडेवरच आहे. ऑसिनेलिनीमध्ये कॉस्टा ही शीर पंखाच्या टोकाला वळसा घालून मधल्या लांब शिरेच्या टोकापर्यंत जाते, तर क्लोरोपिनीमध्ये ती त्याआधीच्या शिरेच्या टोकाशी किंवा तिच्या किंचित पुढे जाऊन थांबते. ढोबळमानाने क्लोरोपिनीतील माश्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या आणि अळीअवस्थेत वनस्पतींवर जगणाऱ्या असतात. ऑसिनेलिनीतील पुष्कळ माश्या गडद रंगाच्या असतात आणि त्यांच्या अळ्यांच्या सवयी कमालीच्या विविध असतात. दोन्ही विधानांना अपवाद पुष्कळ आहेत, म्हणून अभ्यासकाने कोणत्याही एका खुणेवर शिक्कामोर्तब करू नये.

थिओडोर बेकर यांनी १९१० ते १९१२ या काळात जगभरातील गवतमाश्यांवर एक विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढच्या पिढ्यांनी त्याच पायावर काम केले. त्या काळातील मांडणी मुख्यतः बाह्यरूपावर, म्हणजे रंग, केस, पायांवरील काटे आणि पंखांच्या शिरा यांवर उभी होती. १९७७ मध्ये ह्यूगो अँडरसन यांनी जुन्या जगातील वंशांचा नव्याने अभ्यास केला आणि नराच्या जननेंद्रियांच्या रचनेला वर्गीकरणात मध्यवर्ती स्थान दिले. त्यांच्या कामानंतर सिफोनेलॉप्सिनी आणि ऱ्होडेसिएलिनी ही आणखी दोन उपकुले सर्वत्र चर्चेत आली. सिफोनेलॉप्सिनीतील माश्यांच्या डोक्यावर इतर गवतमाश्यांपेक्षा ठळक राठ केस टिकून राहिलेले दिसतात, त्यामुळे हा गट कुलाच्या वंशवृक्षाच्या बुडाजवळचा मानतात. ऱ्होडेसिएलिनीविषयी मात्र मतभेद आहेत. काही अभ्यासक तिला स्वतंत्र उपकुल मानतात, तर काही तिचा समावेश ऑसिनेलिनीत करतात.

अशा मतभेदांमुळे वाचक वैतागतात, ते समजण्यासारखे आहे. तरीही येथे वाद खुंटीवर कोणते नाव टांगायचे याचा नसून कोणत्या माश्यांचा पूर्वज एक होता याचा असतो. एखादी बाह्य खूण दोन गटांत स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकते किंवा स्वतंत्रपणे नाहीशी होऊ शकते. राठ केस कमी होणे ही अशीच गोष्ट आहे. केवळ केस नाहीत म्हणून दोन वंश एकत्र ठेवले, तर ती मांडणी नात्यावर नव्हे, तर साम्यावर उभी राहते.

ज्वारीवरील खोडमाशी ही गवतमाशी आहे का?

नाही. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांकडून आणि कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

ज्वारीचे रोप उगवून आल्यावर पहिल्या चार आठवड्यांत अथेरिगोना सोकाटा ही माशी पानाच्या खालच्या बाजूस, मधल्या शिरेला समांतर असे एक-एक पांढरे, लांबट अंडे घालते. अळी बाहेर पडून पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, उतरते आणि वाढीचा कोंब कुरतडते. मधले पान पिवळे पडून वाळते आणि ते ओढले तर सहज निघून हातात येते. त्याच्या बुडाशी कुजका वास येतो. यालाच पोंगेमर म्हणतात. युरोपात ओटच्या कोवळ्या रोपावर फ्रिट माशी या खऱ्या गवतमाशीची अळी जे नुकसान करते, त्याचे रूप जवळजवळ असेच असते. म्हणूनच परदेशी पुस्तक वाचणाऱ्याला आपली खोडमाशी आणि त्यांची फ्रिट माशी एकच वाटू शकते. प्रत्यक्षात ज्वारीची खोडमाशी ही घरमाशीच्या, म्हणजे मस्किडी कुलातील आहे. ती गवतमाश्यांपेक्षा सहसा मोठी असते, तिच्या अंगावर लांब राठ केस असतात आणि मादीच्या पिवळ्या उदरावर काळ्या ठिपक्यांच्या जोड्या दिसतात.

मराठीतला घोळ एवढ्यावर थांबत नाही. मराठवाडा आणि विदर्भात सोयाबीनच्या खोडात लालसर बोगदा करणाऱ्या अळीच्या माशीलाही खोडमाशीच म्हणतात. ती मेलनाग्रोमायझा सोजे असून नागमाश्यांच्या, म्हणजे अ‍ॅग्रोमायझिडी कुलातील आहे. ती लहान, काळी आणि चमकदार असल्यामुळे ऑसिनेलिनीतील काळ्या गवतमाशीशी तिची गल्लत अगदी सहज होते. कोकणात भाताच्या पोंग्याची पोकळ नळी करणारी गादमाशी तर डासासारख्या नाजूक अंगाची आणि लांब शृंगिकांची असून सर्वस्वी वेगळ्या शाखेतील आहे.

शेतकऱ्याने किडीला तिच्या नुकसानीच्या जागेवरून नाव दिले, यात काहीच चुकले नाही. पिकाकडे पाहणाऱ्याला तेच नाव उपयोगाचे असते. चूक होते ती एका खोडमाशीवरचा उपाय दुसरीवर करताना. ज्वारीची खोडमाशी मासळीच्या भुकटीच्या वासाकडे खेचली जाते, म्हणून तिच्यासाठी तसे सापळे लावतात. सोयाबीनच्या खोडमाशीसाठी त्या सापळ्याचा भरवसा धरता येत नाही, कारण तिची शरीररचना, तिच्या सवयी आणि तिचे पूर्वज सगळेच निराळे आहेत. माशीचे कुल ठाऊक असणे याचा शेतातला अर्थ हा एवढा प्रत्यक्ष आहे.

मग शेतीच्या दृष्टीने महत्त्वाच्या खऱ्या गवतमाश्या कोणत्या?

सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ऑसिनेला फ्रिट, जिला फ्रिट माशी म्हणतात. सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणारे कार्ल लिनिअस यांनी १७५८ मध्ये आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरे’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत तिची नोंद मस्का फ्रिट या नावाने केली. त्या काळी घरमाशीपासून गवतमाशीपर्यंत बहुतेक माश्या मस्का या एकाच वंशात घातल्या जात. उत्तर युरोपात या माशीच्या वर्षाला साधारण तीन पिढ्या होतात. वसंत ऋतूतील पिढी ओटच्या कोवळ्या रोपांचे पोंगे मारते, दुसरी पिढी कणसातील दाण्यांवर वाढते आणि तिसरीच्या अळ्या गवताच्या खोडात हिवाळा काढतात. रोपाला चार पाने फुटेपर्यंतच ते फार नाजूक असते, म्हणून तेथील शेतकरी वसंतातील ओटची पेरणी लवकर उरकतात.

सातू आणि गहू यांवर येणारी क्लोरॉप्स प्युमिलिओनिस ही दुसरी. तिच्या अळीमुळे रोपाचा कोंब फुगून आखूड आणि जाड होतो, म्हणून इंग्रज शेतकऱ्यांनी तिला संधिवाताने सुजलेल्या सांध्याच्या आजाराचे नाव दिले. उत्तर अमेरिकेत मेरोमायझा अमेरिकाना ही माशी गव्हाच्या खोडात वाढते आणि तिच्यामुळे हिरव्या शेतात मधूनमधून पांढरी, पोचट कणसे उभी दिसतात. जपानमध्ये क्लोरॉप्स ओरायझी ही भातावरची कीड आहे.

महाराष्ट्रातील ज्वारी, भात, सोयाबीन, तूर, कापूस आणि ऊस यांच्या मुख्य किडींत या कुलातील माशी नाही. भाताच्या शेतात अनॅट्रिकस वंशाच्या माश्या दिसतात. त्यांच्या उदरावर सायाळीसारखे बारीक काटे असतात आणि त्यामुळे त्या भिंगाखाली एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. त्यांच्या अळ्या खोडकिड्याने आधीच पोखरलेल्या फुटव्यात सापडतात. पोखरलेल्या खोडात अळी दिसली म्हणून नुकसान तिनेच केले, असा निष्कर्ष काढू नये.

सगळ्या गवतमाश्यांच्या अळ्या वनस्पतीच खातात का?

मुळीच नाही, आणि या कुलाचा अभ्यास करण्यासारखा का आहे, ते या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

थॉमॅटोमायझा वंशातील अळ्या जमिनीखाली मुळांवरचा मावा खातात. त्यांतील थॉमॅटोमायझा ग्लाब्रा उत्तर अमेरिकेत साखरबीटच्या मुळांवरील माव्याची महत्त्वाची शत्रू आहे. याच वंशातील थॉमॅटोमायझा नोटाटा युरोपात शरद ऋतूत हजारोंच्या संख्येने इमारतींच्या वरच्या मजल्यांत शिरते आणि खिडक्यांच्या चौकटींत थंडी काढते. घरमालक घाबरतात, पण ही माशी ना चावते, ना अन्न नासवते.

लिपारा वंशातील माश्या या कुलाच्या मानाने मोठ्या आणि केसाळ असतात. त्यांच्या अळ्या फ्रॅग्माइटिस या नळ जातीच्या उंच गवताच्या शेंड्यात राहतात. शेंड्याची वाढ थांबते, पाने एकमेकांत घट्ट बसतात आणि लिपारा ल्युसेन्स या जातीत तर सिगारच्या आकाराची गाठ तयार होते. तिच्यात एकच अळी हिवाळा काढते. माशी बाहेर पडून गेल्यावर त्या रिकाम्या गाठीत हायलेअस पेक्टोरॅलिस नावाची छोटी एकांडी मधमाशी आपले घरटे करते. जोडीदार शोधताना लिपाराचा नर एका काडीवरून दुसऱ्या काडीवर जात तिच्यात कंप निर्माण करतो आणि त्याच काडीवर मादी असेल तर ती तशाच कंपाने उत्तर देते. हा संवाद हवेतून नव्हे, तर गवताच्या काडीतून चालतो.

ऑस्ट्रेलियातील बॅट्राकोमायझा वंशाच्या अळ्या बेडकांच्या कातडीखाली परजीवी म्हणून वाढतात. स्यूडोगॉरॅक्स वंशाच्या अळ्या कोळ्यांच्या अंड्यांच्या पिशव्यांत आणि खंडोबाच्या किड्याच्या, म्हणजे प्रार्थनाकीटकाच्या, अंड्यांच्या पुंजक्यांत आढळतात. ऑसिनेलिनीतील बऱ्याच अळ्या कुजणाऱ्या पालापाचोळ्यात, शेणात किंवा बुरशीवर जगतात.

काही प्रौढ माश्या दुसऱ्याच्या शिकारीवर डल्ला मारतात. कोळ्याने किंवा शिकारी ढेकणाने नुकताच मारलेला किडा दिसला, की त्या त्यातून पाझरणारा रस चाटायला येतात. युरोपातील अ‍ॅरिस्टोलोकिया रोटुंडा ही वनस्पती आपल्याकडील सापसंदीच्या वंशातील आहे. तिचे फूल नुकत्याच मेलेल्या ढेकूणवर्गीय किड्यासारखा वास सोडते आणि या माश्यांना आत ओढते. आत गेलेली माशी काही काळ अडकून पडते, परागकण अंगावर घेते आणि सुटल्यावर दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा फसते. हे संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

डोळ्यांभोवती घोंघावणारी घुंगुरटी याच कुलातील आहेत का?

होय, पुष्कळदा असतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर गावाकडे माणसांच्या आणि गुरांच्या डोळ्यांशी, नाकाशी आणि जखमांशी जी चिवट घुंगुरटी किंवा चिलटे येतात, त्यांत सिफन्क्युलिना फ्युनिकोला ही जाती ठळक आहे. डच शास्त्रज्ञ डी मायरे यांनी १९०५ मध्ये तिचे वर्णन केले. फ्युनिकोला या लॅटिन शब्दाचा अर्थ दोरीवर राहणारी. संध्याकाळी गोठ्यात आढ्यापासून लोंबणारी एखादी जुनी सुतळी, विजेची वायर किंवा कोळिष्टकाचा धागा पाहावा. तो अचानक काळा आणि जाडसर झालेला दिसतो. जवळ जाऊन पाहिले, तर त्यावर खांद्याला खांदा लावून शेकडो माश्या बसलेल्या असतात, आणि धाग्याला बोट लागताच सगळ्या एकदम उठून थोड्या वेळाने त्याच धाग्यावर परततात. शेजारचा तसाच दुसरा धागा मात्र अनेकदा रिकामा असतो.

घुंगुरटे, चिलट आणि केमरे हे शब्द बोलण्यात अदलाबदलीने वापरले जातात. पिकलेल्या केळ्यावर येणारे लाल डोळ्यांचे केमरे सहसा ड्रॉसोफिला असते आणि ते या कुलातील नसते.

या माश्या चावतात का आणि त्यांच्यापासून रोग होतात का?

त्यांना डासासारखी टोचणारी सोंड नसते, त्यामुळे त्या चावत नाहीत. अश्रू, घाम, पू आणि जखमेतील द्रव त्या चाटतात. एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर जाताना जंतू पायांना आणि तोंडाला चिकटून पसरू शकतात, म्हणून डोळे येण्याच्या साथीशी त्यांचा संबंध फार पूर्वीपासून जोडला गेला आहे. अमेरिका खंडात हे स्थान लिओहिपेलेट्स वंशातील माश्यांचे आहे. ब्राझीलमध्ये १९८४ साली लहान मुलांत आढळलेल्या पर्प्युरिक तापाची, म्हणजे अंगावर जांभळे डाग उठणाऱ्या तापाची, सुरुवात डोळे येण्यापासून होत असे आणि त्याच्या प्रसाराच्या तपासात या माश्यांकडे लक्ष वेधले गेले. कॅलिफोर्नियातील कोचेला खोऱ्यात लिओहिपेलेट्स कोल्युसर या माशीचा उपद्रव इतका होता, की तिच्या नियंत्रणासाठी १९२८ मध्ये एक स्वतंत्र स्थानिक यंत्रणा स्थापन करावी लागली. नांगरलेल्या आणि सेंद्रिय खत मिसळलेल्या ओलसर जमिनीत तिच्या अळ्या वाढतात.

डोळे आलेल्या मुलाचा चेहरा वरचेवर स्वच्छ पाण्याने धुणे, गोठ्यातील शेण वेळेवर उचलणे आणि आढ्यापासून लोंबणाऱ्या दोऱ्या व कोळिष्टके काढून टाकणे, हे साधे उपाय घरच्या घरी करता येतात. डोळ्यांचा त्रास वाढत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

शास्त्रीय नावापुढे लेखकाचे नाव कधी कंसात आणि कधी कंसाबाहेर का असते?

ऑसिनेला फ्रिट या नावापुढे लिनिअस आणि १७५८ ही नोंद कंसात लिहितात, कारण लिनिअस यांनी ती जाती मस्का वंशात वर्णिली होती आणि पुढे ती ऑसिनेला वंशात गेली. जातीचा वंश मूळ वर्णनापासून बदललेला नसेल, तर कंस येत नाही. त्यामुळे नाव वाचताच त्या जातीच्या स्थानात बदल झाला आहे की नाही, हे कळते.

मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून जाती ओळखता येईल का?

कुल बहुतेक वेळा ओळखता येते, वंश कधीकधी, आणि जाती क्वचितच. ऑसिनेलासारख्या वंशात एकमेकींसारख्या दिसणाऱ्या काळ्या माश्यांच्या अनेक जाती आहेत आणि त्यांतील फरक नराच्या उदराच्या टोकाशी दडलेल्या जननेंद्रियांच्या रचनेत असतो. त्यासाठी उदराचा भाग वेगळा करून पोटॅशच्या द्रावणात मऊ आणि पारदर्शक करावा लागतो व सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. अलीकडे सीओआय या जनुकाच्या सुमारे ६५८ घटकांच्या तुकड्यावरून डीएनए तपासणीही करतात, पण तुलनेसाठी बिनचूक ओळखलेल्या नमुन्याची नोंद आधीपासून नसेल, तर त्या तुकड्याला नाव देता येत नाही.

तरीही फोटो अवश्य काढावेत. एक वरून, एक बाजूने आणि एक समोरून असे तीन फोटो असले, तर कपाळावरचा त्रिकोण, वक्षाच्या बाजूची कड आणि पंखाच्या शिरा हे सगळे पाहता येते. जिवंत माशीच्या डोळ्यांचा रंग तर फोटोशिवाय टिकवण्याचा दुसरा मार्ग नाही.

भारतातील गवतमाश्यांवर कोणी काम केले आहे?

पी. टी. चेरियन यांचे काम या क्षेत्रात पायाभूत आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या भारतातील प्राणिजीवनावरील ग्रंथमालेत २००२ साली त्यांचा क्लोरोपिडीवरील पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्यात सिफोनेलॉप्सिनी आणि ऱ्होडेसिएलिनी या उपकुलांची मांडणी आहे. या संस्थेची स्थापना १९१६ मध्ये झाली आणि तिचे मुख्यालय कोलकात्यात आहे. तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डी येथे असल्यामुळे महाराष्ट्रातील अभ्यासकाला कीटकांच्या संग्रहाची चौकशी करण्यासाठी दूर जावे लागत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरील सड्यांवर आणि देशावरच्या माळरानांवर गवताचे इतके प्रकार आहेत, की येथे या कुलावर तरुण अभ्यासकांनी करण्यासारखे काम पुष्कळ आहे. ते त्यांनी हाती घ्यावे, असे मनापासून वाटते.

नमुने कसे गोळा करावेत आणि कसे जपावेत?

गवतातून जाळे फिरवणे ही सर्वांत सोपी पद्धत आहे. दव वाळल्यावर, पण ऊन चढण्याआधी ते केले तर जाळे कोरडे राहते आणि माश्या फार पळत नाहीत. जाळ्यातील माशी चिमटीत धरली तर ती चिरडते, म्हणून दोन नळ्या बसवलेली छोटी बाटली वापरून ती ओढून घ्यावी. तोंडाकडच्या नळीच्या आतल्या टोकाला बारीक कापड बांधायला विसरू नये. पिवळ्या रंगाच्या उथळ भांड्यात साबणाचे दोन थेंब घातलेले पाणी ठेवले, तर त्यातही बऱ्याच माश्या येतात. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही पकडू नये.

एवढ्या लहान माशीच्या अंगातून टाचणी आरपार घालता येत नाही. जाड कागदाचा टोकदार त्रिकोण कापून त्याच्या टोकाला डिंकाचा अगदी बारीक थेंब लावावा, त्यावर माशीची उजवी बाजू चिकटवावी आणि टाचणी कागदातून घालावी. डिंक जास्त झाला, तर वक्षावरची ती उभी कडच झाकली जाते आणि नमुना ओळखण्याच्या कामाचा राहत नाही. ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या माश्या तशाच उघड्यावर वाळवल्या, तर त्यांची डोकी आणि उदरे आत दबतात, म्हणून चिकटवायच्या माश्या शक्यतो ताज्याच घ्याव्यात. डीएनएसाठी ठेवायच्या माश्या मात्र अधिक तीव्र अल्कोहोलमध्ये आणि थंड जागी ठेवाव्यात.

टाचणीला लावायच्या चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, तारीख आणि पकडणाऱ्याचे नाव न पुसणाऱ्या शाईने लिहावे. अळी खोडातून वाढवून माशी मिळवली असेल, तर त्या वनस्पतीचे नाव, अळी खोडाच्या कोणत्या भागात होती आणि ते खोड आधीच दुसऱ्या किडीने पोखरलेले होते का, हेही लिहावे. माशी बाहेर पडल्यावर उरलेले रिकामे कोषावरण फेकून न देता एका छोट्या कुपीत घालून त्याच टाचणीला अडकवावे.